एकाही घराची हरकत नाही

अर्विंगजवळ, टेक्सास
१० ऑगस्ट २०२५

प्रिय शंकरराव सर,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मुद्दाम ऐकत नाही, म्हणून हा कागदाचा उद्योग. कानाच्या इलाजासाठी तुम्ही लेकीकडे, दीपाकडे ॲन आर्बरला गेलात त्याला दोन वर्षं झाली. माझ्या दुकानात चहाच्या मशीनजवळची तुमची खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्यावर आता एक पटेल बसतात, पण ते नुसतेच बसतात. तुमच्यासारखं कुणी चहा पिता पिता मोगल बुडवून इंग्रज आणत नाही.

आता बातमी. आपल्या मुलांच्या शाळेत, म्हणजे तुमची नात उपासना जिथे चौथीत आहे त्याच सरकारी शाळेत, यंदा दसऱ्याला पाटीपूजन होणार! दोन ऑक्टोबर, गुरुवार, शाळेच्या वेळात, कॅफेटेरियात. मुख्याध्यापिका मिसेस हॉलिस दुकानात आल्या होत्या. ‘इंडियन मुलं एवढी झाली, काहीतरी इंडियन करू या,’ म्हणाल्या. त्यांच्या मनात बॉलिवूड डान्स होता. मी म्हटलं, मॅडम, नाच तर माकडंही करतात, आम्ही पाटीची पूजा करतो. एकाच्या आकड्यांनी सरस्वती कशी काढतात ते मी त्यांना तिथेच गल्ल्यावर बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं. बाई खूश. पुण्याहून दोनशे पाट्या मागवल्यात. मिरजेत दहावीला दोनदा आपटलेला माणूस टेक्सासच्या शाळेत सरस्वती आणतोय. सुवर्णा म्हणते, ‘तिला आधी विचारा, तुमच्या हातून यायची तयारी आहे का.’

एकच काटा आहे. कोलमन नावाचा एक म्हातारा बाप्टिस्ट पाद्री. निवृत्त आहे, पण शाळेच्या बोर्डाच्या प्रत्येक मीटिंगला येतो आणि चर्च आणि सरकार वेगळं हवं म्हणून कंठशोष करतो. आता तुम्हीच सांगा, यंदा इथे कायदा झालाय की प्रत्येक वर्गात बायबलच्या दहा आज्ञांचा तक्ता लावायचा. त्यावर कोर्टात भांडणं चालू आहेत, पण तक्ते येताहेत. त्यांचा तक्ता चालतो आणि आपली पाटी खुपते? त्यांचं चर्च ते चर्च, आपलं ते मात्र सरकारवर संकट!

आठ सप्टेंबरला बोर्डासमोर मला तीन मिनिटं बोलायचंय. तुम्ही बत्तीस वर्षं इतिहास शिकवलात. ही चर्च आणि सरकारची भानगड मुळात काय होती ते मला दहा वाक्यांत लिहून पाठवा. असं की पाद्री गप्प बसला पाहिजे.

दीपाला आशीर्वाद. तिकडे थंडी सुरू व्हायच्या आत मेथीचे लाडू पाठवतो.

तुमचा,
शशिकांत

*

ॲन आर्बर
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय शशिकांतराव,
सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. दीपाने कानाच्या नव्या मशीनचं माप घेण्याचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात ठेवला आहे, तोवर माझ्याशी बोलणाऱ्याने पाटीच वापरावी हे उत्तम.

दहा वाक्यं मागितलीत. वर्गातही मला दहात कधी जमलं नाही.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावरही कनेटिकट राज्यात एका पंथाचं चर्च सरकारी होतं. त्याच्या पाद्र्याचा पगार सगळ्यांच्या करातून जाई. बाप्टिस्ट मंडळी थोडी होती, बहुतेक शेतकरी आणि कारागीर. त्यांना तो कर द्यायचा नसेल तर ‘आम्ही वेगळ्या पंथाचे आहोत’ असं लेखी प्रमाणपत्र द्यावं लागे. म्हणजे सूट होती, पण आधी चारचौघांत आपण वेगळे आहोत असं लिहून द्यायचं, मग सूट. व्हर्जिनियात तर त्याआधी परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट पाद्री तुरुंगात गेले होते.

१८०१ साली डॅनबरी गावच्या बाप्टिस्टांनी तेव्हाच्या अध्यक्षांना, जेफरसन यांना, पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा: आम्हाला आमचा धर्म पाळू देतात, पण मेहेरबानी म्हणून देतात, हक्क म्हणून नाही. पुढच्या वर्षीच्या एक जानेवारीला त्याला उत्तर गेलं. चर्च आणि सरकार यांच्यामध्ये भिंत आहे, हा शब्द त्या उत्तरातला.

लोकांना वाटतं, ही भिंत देव न मानणाऱ्यांनी मागितली. तसं नव्हतं. ती मागणारे गुडघे टेकून रोज प्रार्थना करणारे लोक होते. शेजाऱ्याचा देव सरकारी होऊन आपल्या दारात येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. तुमचे कोलमन त्यांच्याच वंशातले दिसतात. त्यांना गप्प करण्याआधी एकदा त्यांचं ऐकून घ्या.

एक विचारतो. ज्या मुलांना पूजा करायची नाही, ती त्या वेळी कुठे असतील?

आयुषचा व्हिडिओ कॉल दर रविवारी असतो. उपासना दात दाखवते, सूनबाई मीरा हात हलवते. शाळेबद्दल कुणी काही बोलत नाही.

आपला,
शंकरराव गजभिये

*

अर्विंगजवळ
२८ ऑगस्ट २०२५

प्रिय सर,

वा! तुमचं पत्र मी गल्ल्यामागे उभं राहून दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा सुवर्णाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘सर तुम्हाला काहीतरी सांगताहेत.’ मी म्हटलं, सांगताहेत म्हणजे काय, मुद्दा हातात देताहेत. बाप्टिस्टांना तेव्हा नको होतं कारण ते थोडे होते. आज थोडे आम्ही आहोत. मग आम्हाला थोडी जागा दिली तर बिघडलं कुठे? बोर्डासमोर हेच फेकतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी आधीच काढून ठेवलंय. धंद्यात पस्तीस वर्षं उगाच घालवली नाहीत. फॉर्म! मिसेस हॉलिसना सांगून एक छोटा फॉर्म घराघरांत पाठवलाय. ज्यांना नको त्यांनी सही करून द्यायचा. त्यांची मुलं त्या वेळात लायब्ररीत बसतील, चित्रं रंगवतील, खाऊ मिळेल. जबरदस्ती कुणावर नाही. कोरियन आहेत, दोन-चार मुसलमान घरं आहेत, त्यांच्यासाठी हो. आपल्या लोकांचा तर प्रश्नच नाही.

अजून तरी एकही फॉर्म परत आलेला नाही.

मराठी मंडळाचा आपला देवदत्त, तो पुण्याचा, बँकेचं सॉफ्टवेअर करणारा, त्याने उत्साहाच्या भरात छापील टी-शर्ट काढायचं ठरवलंय. ‘काका, आपण इतिहास घडवतोय यार,’ म्हणतो. मी म्हटलं, इतिहास आमच्या सरांकडून तपासून घेतलाय.

शशिकांत

*

ॲन आर्बर
३ सप्टेंबर २०२५

प्रिय शशिकांतराव,
सप्रेम जयभीम.

तुमच्या फॉर्मबद्दल वाचलं आणि दोन दिवस लिहायला बसलोच नाही.

कनेटिकटमधलं प्रमाणपत्र मी तुम्हाला कशासाठी सांगितलं, हे मी नीट लिहिलं नसावं. चूक शिक्षकाची. तोच फॉर्म आहे तो. नको असेल त्याने लिहून द्यायचं की मी तुमच्यातला नाही, मग त्याला खाऊ आणि रंगपेटी.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुमच्या चहाच्या मशीनजवळ दोन वर्षं बसून सांगितली नाही. नागपूरच्या ज्या शाळेत मी शिकवत होतो, तिथे दसऱ्याच्या सुटीआधीच्या दिवशी शारदापूजन असे. शाळा सरकारी अनुदानाची. पहिल्या वर्षी हेडमास्तर फार प्रेमाने म्हणाले, ‘गजभिये सर, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. तुम्ही त्या दिवशी किरकोळ रजा टाकत जा, मी लगेच मंजूर करीन.’ त्यांनी शब्द पाळला. बत्तीस वर्षं, हेडमास्तर पाच बदलले, रजा एकदाही नामंजूर झाली नाही. अर्जात कारणाच्या रकान्यात मी ‘घरगुती काम’ लिहीत असे. घरी काम काही नसायचं. मी गच्चीवर बसून पेपर तपासायचो. माझ्या वर्गातली आमच्या वस्तीतली पोरं रजेचा अर्ज करू शकत नव्हती. ती रांगेत उभी राहून फूल वाहत. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघत नसत, किंवा मीच त्यांच्याकडे बघत नसेन.

तुम्हाला दसरा म्हणजे पाटी. आम्हाला दसरा म्हणजे छप्पन साल. मी पाच वर्षांचा होतो, वडिलांच्या खांद्यावर. दीक्षाभूमीच्या मैदानावर लाखो लोक उभे राहून बाबासाहेबांच्या मागून म्हणत होते की यापुढे आम्ही त्या देवांची पूजा करणार नाही. मला फक्त वडिलांच्या मानेचा घाम आणि मोठा आवाज आठवतो. तुम्ही नेमका तोच दिवस निवडलात. मुद्दाम नाही, हे मला ठाऊक आहे. मुद्दाम असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

बोर्डासमोर काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. जाण्याआधी हे पत्र वाचून जा, एवढीच विनंती.

आपला,
शंकरराव

*

अर्विंगजवळ
९ सप्टेंबर २०२५

प्रिय सर,

जिंकलो!

काल रात्री बोर्डाची मीटिंग झाली. हॉल भरला होता. आपली साठएक माणसं, बायका साड्या नेसून. मी तीन मिनिटांत बाप्टिस्टांचा कर, अध्यक्षांचं पत्र, भिंत, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, ‘भिंत असावी, पण भिंतीला दार असतं, आणि दार पाहुण्यासाठी असतं.’ टाळ्या! ते वाक्य माझं हो, तुमच्या नावावर खपवलं नाही.

कोलमनही बोलला. थोडंच बोलला. म्हातारा थकलाय. बोर्डाने एकमताने परवानगी दिली. फॉर्मचा विषय निघाला तेव्हा एकही फॉर्म आलेला नाही हे कळल्यावर सगळ्यांनाच बरं वाटलं.

तुमचं तीन तारखेचं पत्र पोचलं. सवडीने वाचून उत्तर देतो. सध्या पाट्यांचे खोके सोडवतोय, निम्म्यांच्या चौकटी प्रवासात खिळखिळ्या झाल्यात.

शशिकांत

*

ॲन आर्बर
१२ सप्टेंबर २०२५

शशिकांतराव,

मीरा त्या मीटिंगला होती. तिने दीपाला फोन केला, दीपाने मला पाटीवर लिहून दाखवलं. अर्धवट कळलं. दीपा रागाने लिहिते तेव्हा अक्षर लागत नाही.

तुम्हाला तिथे काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, ते मला तुमच्या शब्दांत हवं आहे.

शंकरराव

*

अर्विंगजवळ
१६ सप्टेंबर २०२५

सर,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. पहिल्या तिन्हींत मी स्वतःला वाचवलं होतं. सुवर्णाने वाचून बाजूला ठेवली.

आधी हे, की तुमचं तीन तारखेचं पत्र मीटिंगच्या दिवशी दुपारीच आलं होतं. पाकीट हातात घेतलं आणि मला वाटलं, मास्तर काहीतरी आडवं लिहिणार. आडवं ऐकायची त्या दिवशी तयारी नव्हती. न फोडता तांदळाच्या पोत्यावर ठेवलं. मीटिंगहून आलो, जिंकल्याचं पत्र तुम्हाला लिहून टाकलं, आणि मग फोडलं. म्हणजे जाण्याआधी वाचा ही तुमची एक विनंती होती, तीही मी पाळली नाही. बत्तीस रजा वाचून मी पोत्यावरच बसलो. तरी लगेच तुम्हाला दुसरं पत्र लिहिलं नाही.

आता फॉर्मचं. एक आला होता. मीटिंगच्या आधी चार दिवस मिसेस हॉलिसनी मला बोलावून दाखवला. आयुषची सही होती. कारणाच्या ओळीवर पेन्सिलीने पोरीच्या अक्षरात लिहिलं होतं की आम्ही बौद्ध आहोत. बाईंनी विचारलं, ‘तुम्ही या लोकांना ओळखता? हे तर इंडियनच ना?’ मी हसून म्हणालो, ‘आमच्यातलेच आहेत. काही गैरसमज झाला असेल. द्या तो कागद, मी बोलतो त्यांच्याशी.’ त्यांनी विश्वासाने दिला. मी घडी करून शर्टाच्या खिशात घातला. आयुषशी बोललो नाही. बोलणारच नव्हतो. तो एक कागद बोर्डासमोर गेला असता तर माझ्या भाषणातली हवा गेली असती.

मीटिंगमध्ये अध्यक्षबाईंनी मला विचारलं, ‘तुमच्या समाजातल्या एखाद्या कुटुंबाला हे नको असेल का?’ कागद खिशात होता सर. मी माईक जवळ घेतला आणि म्हणालो, ‘मॅडम, या गावातलं प्रत्येक मराठी घर माझ्याकडून पीठ नेतं. मला घराघरातलं ऐकू येतं. एकाही घराची हरकत नाही.’ लोक हसले. मी मान वळवली तर शेवटच्या रांगेत मीरा, ऑफिसमधून थेट आलेली, गळ्यात बिल्ला. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. हिशेब लागत नाही तेव्हा माणूस बघतो तशी. मग उठून गेली.

थोड्या वेळाने बोलणाऱ्यांच्या यादीतून नाव पुकारलं, ‘मीरा गजभिये.’ ती बोलायला आली होती! दोनदा पुकारलं. कुणी उठलं नाही तेव्हा अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, ‘त्या घरी गेल्या बहुतेक.’

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. शुक्रवारी शाळेत तालीम होती. मी पाट्या वाटायला गेलो होतो. उपासनाच्या बाईंनी तिच्या हातात पाटी आणि खडू दिला. तिने हात मागे घेतला आणि इंग्रजीत म्हणाली, ‘माझ्या बाबांनी कागदावर सही केलीय.’ बाई म्हणाल्या, ‘कुठला कागद, बाळा? आमच्याकडे तुझा कागद नाही.’ मी सहा फुटांवर होतो. दुकानात तिसऱ्या रांगेत कुणी जिऱ्याची पुडी परत ठेवली तरी मला कळतं. मी खोक्यात वाकलो आणि पाट्या मोजायला लागलो. पोरगी पुन्हा म्हणाली, ‘पण त्यांनी केलीय.’ मग पाटी धरून उभी राहिली. काढलं काही नाही. बाईंनी तिचा हात धरून दोन रेघा ओढून घेतल्या, प्रेमानेच.

हे माझे शब्द आहेत. तुम्ही मागितले म्हणून दिले. तुम्ही मागितले नसते तर दिले असते की नाही, मला माहीत नाही.

शशिकांत

*

अर्विंगजवळ
२४ सप्टेंबर २०२५

सर,

तुमचं उत्तर नाही. वाट बघतोय असंही लिहीत नाही, तो हक्क राहिला नाही. पण पुढे काय झालं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहितो.

सतरा तारखेला मिसेस हॉलिसना तो कागद दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ‘मग आता तिला लायब्ररीत बसवू,’ म्हणाल्या. मी म्हटलं, नाही मॅडम, तिला कुठेही बसवायचं नाही. पूजाच शाळेत करायची नाही. त्या म्हणाल्या, परवानगी बोर्डाने दिलीय, बोर्डालाच सांगा.

म्हणून परवा सोमवारी पुन्हा बोर्ड. यावेळी साड्या नव्हत्या. कोलमन आपणहून शेजारी येऊन बसला. मी त्याला म्हटलं, तुम्ही आमच्या सरस्वतीला अडवायला आलात असं मी सगळ्यांना सांगत होतो. म्हातारा म्हणाला, ‘मागच्या महिन्यात मी आमच्याच दहा आज्ञांच्या तक्त्याविरुद्ध बोललो. माझ्या स्वतःच्या चर्चमधल्या लोकांनी माझ्याशी हात मिळवणं सोडलंय. तुमची बाई दिसायला बरी आहे हो. मला तिच्याशी वैर नाही.’ ती मीटिंग मी चुकवली होती, आणि माणसाबद्दल खात्रीने बोलत होतो.

माझी तीन मिनिटं आली. फॉर्म टेबलावर ठेवला. म्हटलं, हा चार सप्टेंबरपासून माझ्या खिशात होता. मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोललो. एका घराची हरकत होती आणि मला ती माहीत होती. पाटीपूजन आम्ही रविवारी आमच्या हॉलमध्ये करू. शाळेत नको.

अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘एका मुलीसाठी तुम्ही तुमचा सण सोडताय, हा तुमचा मोठेपणा आहे.’ आणि सर, टाळ्या वाजल्या! तेवढ्यात मला तुमचे डॅनबरीचे शेतकरी आठवले. मी परत माईकवर गेलो, वेळ संपल्याची घंटा वाजत असताना. म्हटलं, मोठेपणा म्हणू नका. माझ्याकडून तिला काही मिळालेलं नाही. तिचं होतं ते मी लपवलं होतं. टाळ्या थांबल्या. ते बरं झालं.

पार्किंगमध्ये देवदत्तने गाठलं. ‘काका, एका घरासाठी? आणि आपल्याच लोकांनी आडवं जायचं?’ मी म्हटलं, ‘आडवं ते नाही गेले, मी गेलो.’ तो म्हणाला, ‘मग एवढ्या सगळ्यांचं काय?’ मी म्हटलं, ‘अरे, उद्या तुझ्या वेदांतच्या हातात कुणी क्रॉस दिला आणि म्हणालं, नको असेल तर फॉर्म भर, तर तू किती घरं गोळा करणार आहेस?’ तो गाडीत बसला आणि काच वर केली. तीन घरांनी दुकान बदललंय असं ऐकतो. ऐकू येतंच.

तिथून आयुषकडे गेलो. साडेसात वाजले होते. दार मीराने उघडलं. मी चपला काढायला वाकलो तर म्हणाली, ‘राहू द्या काका, आम्हाला लगेच बाहेर जायचंय.’ आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. मी उंबऱ्याबाहेरूनच माफी मागितली. आयुष तिच्यामागे उभा होता. म्हणाला, ‘काका, बाबा तुमच्या दुकानात दोन वर्षं बसायचे. तुम्ही आम्हाला एक फोन केला असता तरी चाललं असतं.’ मीरा म्हणाली, ‘फोन केला असता तर त्यांनी आपल्याला समजावलं असतं.’ अगदी खरं बोलली.

उपासना तिच्या हाताखालून पुढे आली. मी तिला म्हटलं, सॉरी. ती म्हणाली, ‘ओके.’ मग थोडा विचार करून तिने विचारलं, ‘काका, तो कागद तुमच्याकडून हरवला होता का?’

सर, पोरगी मला वाट काढून देत होती. हो म्हटलं असतं तर ती विश्वास ठेवून जेवायला गेली असती. मी म्हणालो, ‘नाही. मी लपवला होता.’ तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आत गेली. मीराने ‘बरं’ म्हणून दार लावलं. हळू लावलं.

या वयात मला लोकांसमोर लाज वाटायची राहिली नाही, असं मी समजत होतो. ताटं धुतली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, कधी काही वाटलं नाही. पण नऊ वर्षांच्या पोरीने खिशाकडे पाहिलं ते अजून अंगावरून जात नाही. तो शर्ट सुवर्णाने धुऊन इस्त्री करून ठेवलाय. घालवत नाही.

मला माफ करा, असं लिहिणार होतो.

शशिकांत

*

ॲन आर्बर
५ ऑक्टोबर २०२५

शशिकांतराव,
जयभीम.

दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर लांबलं ते कानाच्या मशीनमुळे असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण ते खरं नाही. मला लिहायचं नव्हतं.

तुम्ही ‘आमच्यातलेच आहेत’ म्हणालात ते माझ्या मनातून जात नाही. मी ते आयुष्यभर दोन सुरांत ऐकलं आहे. घरात घेताना क्वचित, आणि तोंड बंद करताना बऱ्याचदा. तुमच्याकडे मी पहिला सूर समजून चहा पीत होतो. आता ती दोन वर्षं मला पुन्हा तपासावी लागतील, आणि या वयात तपासायला मी कंटाळलो आहे.

माफीचं म्हणाल तर ती माझ्याकडे नाही. मीराकडे असेल, तिचं ती पाहील. तिला निरोप पाठवू नका, लाडू पाठवू नका, सुवर्णाताईंना मध्ये घालू नका. ती दुकानात आली तर पीठ द्या. नाही आली तर का आली नाही हे कुणाला विचारू नका.

बोर्डासमोर दुसऱ्यांदा माईकवर गेलात, ते मात्र मी दोनदा वाचलं. शिक्षक म्हणून तेवढं लिहायला हवं.

दोन तारखेला संध्याकाळी आयुषने कॉल लावला. नवी मशीन कानात होती, त्यामुळे पोरीचा आवाज मला दोन वर्षांनी स्पष्ट आला. मी विचारलं, ‘आज शाळेत काय झालं?’

म्हणाली, ‘नथिंग, आजोबा. भागाकाराची टेस्ट होती.’

दोन गणितं चुकली म्हणून रडवेली झाली होती. मी म्हटलं, वही आण. आणि मग आम्ही ती दोन गणितं सोडवत बसलो.

शंकरराव